कोण ॲडमिट आहे?

कोल्हापूरचा माणूस मिरजेला दोनच कारणांसाठी जातो. एक, घरातलं कुणीतरी आजारी असतं. दोन, पुढची गाडी पकडायची असते. तिसरं कारण सांगितलंत तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘‘खरं सांग, काय काम काढलंस?’’ मिरजेला फिरायला, हे वाक्य आमच्याकडे कुणी उच्चारतच नाही. आम्ही दोघं मात्र गेल्या महिन्यात एका शनिवारी खास फिरायलाच मिरजेला गेलो. दोघं म्हणजे मी आणि तो. त्याचं नाव इथं येणार नाही. त्यानं तशी अट घातलेली नाही, पण त्याच्या घरी हे पान येतं. माझ्याही घरी येतं, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात फिरायला जागा कमी आहेत का? जागा भरपूर आहेत, अडचण माणसांची आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी दहा पावलं चाललं की एक आत्या भेटते, आणखी दहा चाललं की बाबांचे ऑफिसमधले मित्र. पन्हाळ्यावर जायचं तर तोंडाला स्कार्फ, डोक्याला हेल्मेट, आणि वर पोहोचल्यावर झुणका-भाकर खायला अख्खा ओळखीचा वाडा आलेला असतो. बागेत बसलं की वॉचमन शिट्टी मारतो. राहता राहिले ते तासावर पैसे घेणारे पडदेवाले कॅफे. तिथं एकदा गेलो होतो. काही चूक करत नसतानाही चोरासारखं वाटायला लावणारी जागा आहे ती. कोल्ड कॉफी अर्धी टाकून बाहेर पडलो.

आमचं जमून दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत आम्ही व्हॉट्सॲपवर किती बोललो असू याचा हिशेब नाही, पण एका रस्त्यानं, एकमेकांच्या शेजारून, सलग दहा मिनिटं चाललेलो नव्हतो. एक पुढे, एक मागे. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की तो चपलेचा बंद बांधायला वाकतो. तो चप्पल घालतो, बूट नाही, हे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही हे आमचं नशीब. त्याचं आडनाव आणि माझं आडनाव एका लग्नपत्रिकेत छापलेलं आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी पाहिलेलं नाही. एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं तुम्हाला कळलंच असेल.

जुलैत तो नोकरीसाठी पुण्याला जाणार. त्याआधी एक अख्खा दिवस हवा होता. सांगली बाद, तिथं त्याचा मामा. इचलकरंजी बाद, तो त्याचाच तालुका. पुणे लांब, संध्याकाळी सातला घरात पाहिजे हा आमच्याकडचा नियम. नकाशात जे उरलं ते मिरज. तिथं फिरायला कुणी जात नाही, म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार नाही, असा सरळ हिशेब होता.

सकाळची पॅसेंजर पकडली. दोघांचं तिकीट मिळून त्या पडदेवाल्या कॅफेतल्या एका कॉफीपेक्षा कमी. हा मार्ग १८९१ पासून आहे आणि गाडीचा वेगही काही वेळा त्याच काळातला वाटतो, पण आम्हाला कुठं घाई होती? सवा तास खिडकीशेजारी समोरासमोर बसायला मिळालं, तोही दिवसाउजेडी.

कोल्हापूर सुटल्यावर थोड्याच वेळात वळिवडे येतं. या स्टेशनवर कुणी मुद्दाम बघत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, इथं सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बायका आणि मुलंच जास्त. युद्धात घरदार गेलेली ही माणसं सैबेरियामार्गे कुठून कुठून फिरत पंचगंगेकाठी पोहोचली. युद्ध संपल्यावर बाकीची गेली, पण त्यातल्या एका मुलीनं कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न केलं आणि ती इथंच राहिली. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘पोलंडची चालली, आणि आपलं इथं दोन गल्ल्यांचं अंतर चालत नाही.’’ मग रुकडीजवळ पंचगंगेचा पूल आला आणि डब्यातल्या सगळ्यांनी नदीकडे बघितलं. पाणी किती आहे हे बघायची आमच्या भागातल्या प्रत्येकाला सवय आहे, पूर पाहिलेली माणसं आम्ही.

जयसिंगपूरला भडंग घेतलं. ते न घेता पुढे गेलात तर तुमचं तुम्ही बघा. त्यानंतर कृष्णेचा पूल, आणि मिरज.

मिरज जंक्शन नुसतं उतरून बाहेर पडायचं स्टेशन नाही. एकेकाळी इथं ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. पंढरपूर, कुर्डुवाडीकडची छोटी गाडी तर आमच्या आजीच्या पिढीला वारीमुळं पाठ आहे. याच स्टेशनातून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. तो मेकॅनिकलचा, त्यामुळं रूळ, गेज, वाघिणी यांत वीस मिनिटं गेली. मी प्लॅटफॉर्मवर चहा प्यायले. त्यानंतर आम्ही बाहेर पडलो आणि मग मला जाणवलं की आम्ही शेजारून चालतोय. कुणी बघत नव्हतं असं नाही. बघत होते, पण नुसतंच बघत होते. आमची आडनावं त्यांना माहीत नव्हती.

सतारमेकर गल्लीचं नाव ऐकून मला वाटलं होतं की काचेची शोरूम असतील. प्रत्यक्षात साधी घरं, साधी दुकानं, आणि दारातून आत डोकावलं की छताला टांगलेले भोपळे. भाजीवाला भोपळा नव्हे. हा कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतो आणि खाण्यासाठी नाही तर वाद्यासाठीच पिकवतात. वाळून खडखडीत झाला की त्याला कापतात, आकार देतात, त्यावर लाकडाची तबली बसते आणि वर लांब दांडी. मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चाललंय. मूळची ही घराणी शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्या, तलवारींचं काम आटलं, आणि संस्थानात गाणंबजावणं होतं म्हणून फरीदसाहेब नावाच्या कारागिरापासून हात वाद्यांकडे वळले असं सांगतात. करिअर स्विच हा शब्द तेव्हा नव्हता एवढंच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. म्हणजे पैठणीला जशी पैठणची ओळख, तशी या वाद्यांना मिरजेची.

एका दुकानात वयस्कर कारागीर जमिनीवर बसून काम करत होते. आम्हाला काही घ्यायचं नाही हे आधीच सांगितलं. ते म्हणाले, बसा. घेणारे फोनवर बोलतात, बघायला येणारेच बसतात.

ते तानपुऱ्याची जवारी लावत होते. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी वरून सपाट दिसते, पण पूर्ण सपाट नसते. तिला अगदी किंचित उतार असतो, आणि तार छेडली की ती त्या उतारावर पुन:पुन्हा हलकेच टेकते. तानपुऱ्याचा तो घुमणारा, झिणझिणता आवाज त्यातून येतो. तारेखाली सुताचा एक साधा दोरा घालतात आणि तो पुढे-मागे सरकवत आवाज कुठं उघडतो ते शोधतात. घोडी जास्त घासली गेली तर आवाज फुटतो, कमी घासली तर मुका राहतो.

मेकॅनिकलवाल्यानं विचारलं, ‘‘किती घासायचं ते मोजता कशानं?’’

त्यांनी कानाला हात लावला. तो म्हणाला, ‘‘नाही, म्हणजे किती मायक्रॉन?’’ त्यावर ते खळखळून हसले आणि त्याला शेजारी बसवलं. दोऱ्याच्या तीन वेगवेगळ्या जागा करून तार छेडली. कोणती बरोबर? त्यानं पहिली सांगितली. चूक. परत छेडली. त्यानं दुसरी सांगितली. ती पण चूक. मला तिसऱ्याच वेळी कळलं होतं, पण मी गप्प बसले. मला बघायचं होतं तो काय करतोय ते. मी ओळखत असलेली बरीच मुलं इथं ‘सगळे सारखेच वाटतात’ म्हणून उठली असती. हा पाऊण तास मांडी घालून बसला. शेवटी त्याला फरक कळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत पाहिलेलं नव्हतं. कॅफेच्या टेबलावर माणूस कळायला मर्यादा आहेत. तिथं दोघंही चांगलेच वागतात.

धंदा कसा चाललाय, हेही विचारलं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, नंतर मोबाइलवर फुकटचं ॲप आलं. रियाजाला बटण दाबलं की झालं. तरीही मैफलीत मागे दोन खरे तानपुरे लागतातच, म्हणून मागणी आहे. पण नवीन मुलं या कामात बसायला तयार नाहीत. एक वाद्य पूर्ण व्हायला कित्येक दिवस लागतात आणि हात तयार व्हायला कित्येक वर्षं. त्यांच्या नातवाला आयटीआयला घातलंय, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं की खंतीनं, ते मला कळलं नाही.

निघताना त्यांनीच सांगितलं, इथपर्यंत आलात तर खाँसाहेबांना भेटून जा.

खाँसाहेब म्हणजे अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे. तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकत नसाल तरी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ऐकून माहीत असतो ना, ते सवाई गंधर्व यांचे शिष्य. आणि सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी. एवढी मोठी साखळी, आणि तिचं पहिलं टोक मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. १९३७ साली खाँसाहेब दक्षिणेत पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत गाडीत बरं वाटेनासं झालं म्हणून एका छोट्या स्टेशनवर उतरले आणि त्या प्लॅटफॉर्मवरच गेले. त्यांची कबर मात्र मिरजेत, कारण त्यांची श्रद्धा या दर्ग्यावर होती. दर उरसाला इथं त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि मोठमोठे गायक हजेरी लावायला येतात. याच उरसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. ही प्रथा आजची नाही, जुनी आहे.

दर्ग्यात आम्ही चपला काढून, डोक्यावर ओढणी-रुमाल घेऊन गेलो. आत गर्दी होती. फुलं, ऊद, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बाया, त्यात कपाळाला कुंकू लावलेल्या अर्ध्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

खाँसाहेबांची जी गोष्ट मला माहीत होती ती मी तिथं बाहेरच्या पायरीवर बसून त्याला सांगितली. तरुण वयात ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकायची. दोघांचं प्रेम जमलं. धर्म वेगळा, दर्जा वेगळा, आणि काळ कोणता, तर एकोणिसाव्या शतकाची अखेर. त्यांनी बडोदा सोडलं आणि ते थेट मुंबईला गेले. पुढे मिरजेत राहिले. त्यांची मुलगी हिराबाई १९०५ साली मिरजेतच जन्मली. त्याच हिराबाई बडोदेकर. सुरेशबाबू माने, सरस्वती राणे, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने ही त्यांची भावंडं. पाचही जण गाणारे.

एवढ्यावर थांबलं असतं तर रील झाली असती. पण पुढे ताराबाई आणि खाँसाहेब वेगळे झाले. ताराबाई मुलांना घेऊन बाहेर पडल्या आणि मुलं वाढली ती आईकडच्या नावांनी. नावं वाचून बघा, एकातही ‘खाँ’ नाही. मला या गोष्टीतला हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पळून जाण्यापर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. नंतरची वीसेक वर्षं कुणी सांगत नाही. पाच मुलांचं दूध, फी, भांडी, रियाज, दौरे, रुसवे, आणि शेवटी एक दार बंद होणं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘तू ही गोष्ट मला आत्ताच का सांगितलीस?’’ मी म्हटलं, ‘‘कबर समोर आहे म्हणून.’’ ते अर्धंच खरं होतं.

जेवायला म्हणून आम्ही हॉस्पिटलच्या बाजूच्या रस्त्याला लागलो. मिरजेत भूक लागली की पाय आपोआप दवाखान्यांकडे जातात, कारण स्वस्त राइसप्लेट तिथंच मिळते. मिरजेचं हे दवाखानापण आजचं नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं. लहानग्या नारायण राजहंसाचा, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांचा कान दुखायचा, तेव्हा शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेलाच पाठवलं होतं. तेव्हापासून आजतागायत सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर कर्नाटकातलीही माणसं इथं येतात. रस्त्यावर मराठी आणि कन्नड सारख्याच आवाजात ऐकू येतं. मेडिकलची दुकानं, एक्स-रेचे लिफाफे, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन चाललेले नातेवाईक.

आणि त्या नातेवाइकांत आमच्या शेजारच्या काकू.

आमचा अख्खा हिशेब इथं फसला होता. मिरजेला फिरायला कुणी जात नाही हे खरं, पण दवाखान्याला तर सगळं कोल्हापूर येतं! काकूंनी मला आधी बघितलं. हातात स्टीलचा डबा, चेहरा जागरणाचा. त्यांनी माझा हात धरला आणि खऱ्या काळजीनं विचारलं, ‘‘अगं, तू इथं? कोण ॲडमिट आहे?’’

उत्तरं तयार होती. मैत्रिणीची आजी. कॉलेजच्या मॅडम. पत्रकारितेची मुलगी आहे मी, हॉस्पिटलवर स्टोरी करतेय म्हणाले असते तरी खपलं असतं. मी बाजूला बघितलं तर तो सवयीनं चार पावलं लांब जाऊन मेडिकलची पाटी वाचत उभा होता. इतक्या एकाग्रतेनं कुणी पाटी वाचत नाही. सकाळपासून माझ्या शेजारून चाललेला माणूस एका सेकंदात अनोळखी झाला होता. मला त्याचा राग आला की वाईट वाटलं, सांगता येणार नाही. मी म्हटलं, ‘‘कुणी नाही काकू. आम्ही फिरायला आलोय.’’

‘आम्ही’ म्हटल्यावर काकूंची नजर बरोबर पाटीकडे गेली.

तो आला. यायला तीनचार सेकंद लागले त्याला, पण आला. नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला तो, ‘‘तुमचं कोण आहे काकू?’’ त्यांचे दीर होते, बायपास झालेली. रात्रीपासून काकू एकट्याच, मुलगा बंगळुरूहून निघालेला. एक रिपोर्ट खालच्या मजल्यावरून आणायचा होता, दोन औषधं पहिल्या दुकानात मिळाली नव्हती. पुढचा तास तो त्या कागदांमागे पळत होता आणि मी काकूंना डबा खायला लावत होते. काकूंनी त्याचं नाव विचारलं. त्यानं आडनावासकट सांगितलं. काकू हूं म्हणाल्या. त्या हूंमध्ये काय काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘आईला सांगून आलीयस?’’ मी मान हलवली, नाही. ‘‘मग तूच सांग. मी सांगितलं की वेगळं ऐकू जाईल.’’

राइसप्लेट खाल्ली, पण चव आठवत नाही. नंतर गणेश तलावाजवळ जाऊन बसलो. गणपतीच्या विसर्जनाला इथं जत्रा असते, मिरजेची मिरवणूक आणि रस्त्यावरच्या भव्य स्वागतकमानी बघायला लांबून लोक येतात. त्या दुपारी मात्र चार म्हातारे, काही शेळ्या आणि आम्ही. तिथं आम्ही भांडलो. ‘‘आम्ही म्हणायची काय गरज होती?’’ असं त्यानं सुरू केलं. ‘‘पाटी वाचायची काय गरज होती?’’ असं मी. आवाज चढला. त्याचं म्हणणं, पुण्याला जाऊन सहा महिने पगार हातात आला की बोलू, त्याआधी बोललं तर त्याच्या शब्दाला घरात वजन नाही. माझं म्हणणं, सहा महिन्यांत माझ्यासाठी दोन स्थळं येऊन गेलेली असतील. तोही खोटं बोलत नव्हता, मीही नाही.

मध्येच माझ्या लक्षात आलं की आम्ही मोठ्यानं भांडतोय. दोन वर्षांत आमचं प्रत्येक भांडण टाइप करून झालं होतं. ब्लू टिक, लास्ट सीन, मग एक जण ब्लॉक, मग दुसऱ्या दिवशी अनब्लॉक. समोरासमोर, हातवारे करून, एकमेकांचं बोलणं तोडत भांडायला आम्हाला जागाच मिळाली नव्हती. इथं फोन ठेवून देता येत नव्हता, कारण परतीचं तिकीट त्याच्या खिशात होतं. एका आजोबांनी शेळी हाकता हाकता आमच्याकडे बघितलं आणि ‘चालू द्या’ असा हात केला. त्यावर दोघांनाही हसू आलं, पण प्रश्न सुटला असं नाही. ठरलं ते इतकंच: मी त्या रात्री आईला सांगणार, तो जुलैत जाण्याआधी त्याच्या मोठ्या भावाला सांगणार. भडंगाची उरलेली पुडी तिथंच संपवली.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. दारापाशी उभं राहून आलो. कृष्णेच्या पुलावर त्यानं फोन काढून मला सकाळचं रेकॉर्डिंग ऐकवलं. जवारी लावतानाच्या तीन तारा. आता त्याला पहिल्या फटक्यात ओळखता येत होती.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मी मुद्दाम तीच वेळ निवडली, तिचे हात गुंतलेले असतात. तिनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. एक भाकरी करपली. मग तिनं विचारलं, ‘‘काकूंच्या दिरांचं कसंय?’’ म्हणजे काकूंचा फोन आधीच येऊन गेला होता! फक्त दिरांबद्दल की आणखी कशाबद्दल, ते तिनं अजून मला सांगितलेलं नाही. ‘‘बाबांना मी सांगणार नाही, तूच सांग,’’ एवढं म्हणून तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी विचारलं, पुण्यात पगार किती देणार आहेत.

बाबांना अजून सांगायचंय. हे पान आमच्या घरी बाबांच्या हातात आधी पडतं, ते शब्दकोडं सोडवतात आणि मग खालपासून वरपर्यंत सगळं वाचतात. त्यामुळं लेख छापून येईल त्याच्या आदल्या रात्रीपर्यंतची मुदत आहे. तुम्ही हे वाचताय म्हणजे ती रात्र होऊन गेली.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची गाडी पकडा, दुपारी सतारमेकर गल्लीतले कारागीर जेवायला उठतात. काही विकत घ्यायचं नसेल तर तसं आधीच सांगा आणि फोटो काढण्याआधी विचारा. दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल लागतो. पायात सहज निघेल अशी चप्पल घाला. दोघांचा दिवसाचा खर्च आम्हाला चहा, राइसप्लेट, रिक्षा, भडंग धरून चारशेच्या आत आला. आणि हॉस्पिटलच्या रस्त्यानं जाणार असाल, तर कोण ॲडमिट आहे याचं उत्तर दोघांनी गाडीतच ठरवून ठेवा.